मेहता, मेहली

(२५ सप्टेंबर १९०८–१९ ऑक्टोबर २००२). भारतीय व्हायोलिनवादक, वाद्यवृंद-संचालक व बाँबे स्ट्रिंग क्वार्टेटचे संस्थापक. जन्म मुंबईत, पारशी कुटुंबात. १९३५ मध्ये त्यांनी बाँबे सिंफनी ऑर्केस्ट्रा आणि १९४० मध्ये हे तंतुवाद्य चतुष्टय उभे केले. दोन व्हायोलिन, एक व्हायोला व एक चेलो यांची ही रचना हायडनने प्रस्थापित केली. मोत्सार्टने तिच्यासाठी २३ रचना केल्या. बेटोव्हनच्या अखेरच्या क्वार्टेट तर वादकांची खरी कसोटीच. संचालकाविना चौघांनी एकमेकांचे ऐकत वाजवायचे असल्याने इथे एकाही वादकाला आडोसा नसतो. अशा संगीताला फारसा श्रोतृवर्ग नसलेल्या शहरात ते रुजवण्याचा मेहतांचा ध्यास विलक्षणच होता. पुत्र झुबिन यांचे कान घरातल्या चतुष्टयाच्या तालमींवर घडले.

न्यूयॉर्कला इव्हान गॅलमिअन यांच्याकडे शिक्षण व पुढे मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात वादन केल्यावर, १९५९ मध्ये ते फिलाडेल्फियाच्या कर्टिस स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये दुसरे व्हायोलिनवादक झाले. सॅम्युएल बार्बर यांनी आपली एकमेव प्रसिद्ध क्वार्टेट (१९३६) याच चतुष्टयाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिली होती; तिचा संथ भाग पुढे ‘अडाजिओ फॉर स्ट्रिंग्ज’ म्हणून जगभर पोहोचला. पहिल्या व्हायोलिनला उठाव देणारे, आतून सूर सांभाळणारे दुसरे व्हायोलिन श्रोत्यांच्या चटकन लक्षात येत नाही. चतुष्टयाचा तोल मात्र त्यावरच राहतो. १९६४ मध्ये लॉस अँजेल्सला जाऊन त्यांनी अमेरिकन यूथ सिंफनी स्थापली व ३३ वर्षे चालवली.