अठ्ठावन्न की साठ : निवृत्ती-कॅल्क्युलेटरांच्या तुलनेची प्रस्तावना

धाराशिव जिल्ह्यातल्या कुठल्याही झेडपी शाळेत मधल्या सुट्टीत पेन्शनचा विषय निघाला की गुरुजींचे दोन गट पडतात : १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेले आणि त्यानंतरचे डीसीपीएसवाले, म्हणजे ठरावीक वर्गणीच्या पेन्शन योजनेतले. आधीच्यांना आपली पेन्शन शेवटच्या पगारावरून तोंडी सांगता येते. नंतरच्यांना खिशातून मोबाइल काढावा लागतो. मार्च २०२३ मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत राज्यातले कर्मचारी संपावर गेले, तो वाद मुळात म्हातारपणाचा हिशेब कोणाच्या अंगावर टाकायचा, याचाच होता. पुढे हमी देणारे पर्याय आले, तरी मोबाइल काही खिशात परत गेला नाही. आमच्या भागापुरता कॅल्क्युलेटरांच्या या अभ्यासाचा जन्म १ नोव्हेंबर २००५ या तारखेचा.

नव्याने येणाऱ्याने आधी एक उद्योग करून पाहावा. तीस वर्षांची शिक्षिका, महिना ५,००० रुपये, ३० वर्षे, परतावा १० टक्के. एक कॅल्क्युलेटर सांगेल सुमारे १ कोटी १३ लाख, दुसरा १ कोटी ३ लाख. दोन्ही बरोबर आहेत! पहिल्याने १० ला सरळ १२ ने भागून दरमहा चक्रवाढ लावली. दुसऱ्याने वर्षाअखेर नेमके १० टक्केच भरतील असा महिन्याचा दर काढला. दहा लाखांचा फरक एका भागाकारात, आणि तो भागाकार पडद्यावर दिसत नाही. म्हणून या विषयात उत्तरांची तुलना करण्यात फारसा अर्थ नाही. न विचारता काय धरून चालले आहे, त्याची तुलना करायची.

त्यातली माझ्या आवडीची चौकट वयाची. बहुतेक कॅल्क्युलेटरांत तिथे ६० आधीच भरलेले असते. आमची शिक्षिका मात्र ५८ ला निवृत्त होणार. आकडा बदलला की १ कोटी १३ लाखांचे साडेएक्क्याण्णव लाख होतात. शेवटची दोनच वर्षे, पण चक्रवाढीचे पीक शेवटीच भरते.

महागाईची चौकट तर कित्येकदा नसतेच. वर्षाला ६ टक्के महागाई धरली, तर तीस वर्षांनंतरच्या १ कोटी १३ लाखांत आजच्या वीस लाखांहूनही कमी रकमेचा बाजार होईल. त्या १ कोटी १३ लाखांतले ४० टक्के वर्षासनात घातले आणि त्यावर ६ टक्के मिळाले, तर महिन्याला साधारण २२,६०० रुपये हाती येतात. आजच्या भावाने चार हजारांच्या आतच. ‘कोटी’ हा शब्द ठळक अक्षरांत आणि महागाई तळटीपेत ठेवणाऱ्या कॅल्क्युलेटरकडे मी संशयानेच पाहतो. बहुधा तो काहीतरी विकायला बसलेला असतो.

या विद्येची मुळे जुनी आहेत. धूमकेतूवाल्या एडमंड हॅलीने १६९३ मध्ये ब्रेस्लाउ शहराच्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून आयुर्मानाचे कोष्टक मांडले आणि वर्षासनाची किंमत काढून दाखवली. अमेरिकेतल्या विल्यम बेंगन यांनी १९९४ मध्ये पहिल्या वर्षी पुंजीतून ४ टक्के काढा आणि पुढे ती रक्कम महागाईप्रमाणे वाढवा, असा आडाखा मांडला. ‘वर्षाच्या खर्चाच्या २५ पट जमवा’ हा सल्ला त्याचाच उलटा आकडा. तो अमेरिकी बाजाराच्या इतिहासावरून काढलेला आहे, हे तो उचलणारे आपल्याकडचे कॅल्क्युलेटर क्वचितच सांगतात.

आता पगार नसलेल्यांकडे वळू. अटल पेन्शन योजनेत कॅल्क्युलेटर लागतच नाही, तक्ता पुरतो : महिना ५,००० च्या पेन्शनसाठी अठराव्या वर्षी शिरणाऱ्याला दरमहा २१० रुपये, चाळिसाव्या वर्षी शिरणाऱ्याला १,४५४. साधेपणात तिची बरोबरी नाही. पण तिसाव्या वर्षी शिरलेल्याच्या हाती साठीला पडणारे ५,००० त्याच ६ टक्क्यांनी आजचे ८७० होतात. तक्त्याला ही तळटीपही नाही.

आणि भूम तालुक्यात खव्याच्या भट्टीवर दूध आटवणाऱ्या बाईला ‘मासिक उत्पन्न’ या चौकटीत काय भरायला सांगायचे? दूध भरपूर तेव्हा भट्टी रात्रंदिवस, उन्हाळ्यात चारा संपला की थंड. तिची शिल्लक बँकेत कमी, दावणीला जास्त. उस्मानाबादी शेळी, त्यातली एखादी अर्धलीने, म्हणजे निम्म्या वाट्याने, दुसऱ्याकडे दिलेली. ही जात जुळी देण्यासाठी ओळखली जाते, म्हणजे परतावा वाईट नाही; पण एका रोगात मुद्दल जाते. बोकड बकरी ईदच्या आधी विकला तर एक भाव, दुष्काळात चाऱ्याअभावी काढला तर दुसरा. ‘अपेक्षित परतावा : १० टक्के’ या रकान्यात तो बोकड कसा लिहायचा? नव्याने येणाऱ्याने शाळेतल्या शिक्षिकेऐवजी या दावणीपासून सुरुवात केली, तरी माझी हरकत नाही.