ऊसतोड कामगारांचे रात्रकाम (बीड जिल्हा)

बीड जिल्ह्यातून, विशेषतः धारूर, केज, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी या तालुक्यांतून, दिवाळीच्या सुमारास लाखो कामगार पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर पट्ट्यात जातात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. तोडलेल्या उसाचे वजन आणि साखर तासागणिक घटते, म्हणून हंगामात कारखाना रात्रंदिवस चालतो व गाडी येईल तेव्हा भरावी लागते. कारखान्याच्या आतल्या कामगाराला ठरलेली पाळी असते, फडातल्याला नाही. म्हणून त्याचे रात्रीचे काम कागदावर रात्रपाळी नव्हेच.

पहाटे अंधारात तोड सुरू होते. मध्यरात्री ट्रक आला की कोपीतून (तात्पुरत्या झोपडीतून) उठून, डोक्यावर मोळी घेऊन अरुंद फळीवरून वर चढायचे. दवाने फळी निसरडी झालेली असते. रात्री दोन ते पाचच्या दरम्यान शरीराची सतर्कता सर्वांत कमी असते. सलग सतरा तास जागे राहिल्यास मंदावलेली प्रतिक्रिया थोड्या मद्यपानानंतरच्या स्थितीशी तुलनीय ठरते. पाय घसरणे, कोयता लागणे यांचा धोका त्यामुळे वाढतो. दिवसाची झोप तुटक आणि उथळ असते. बाईच्या वाट्याला स्वयंपाक, पाणी, लेकरे असल्याने तीही येत नाही.

मजुरी टनावर आणि डोक्यावर मुकादमाची (मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराची) उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, शिवाय खाडा झाल्यास दंड. त्यामुळे थकलेला माणूस काम थांबवत नाही. दमलेल्या हातांनी टन मात्र कमी पडतात, आणि उचल पुढच्या हंगामावर जाते. रात्री रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या व बैलगाड्या रस्त्यावरचा वेगळा धोका आहेत.