पाळणा लांबवायचाय? ऑपरेशनशिवायही आहेत मोफत साधने

गंगापूर रोड (नाशिक) : गंगापूर रोडने शहर मागे टाकून गोवर्धन, दुगावमार्गे गिरणाऱ्याकडे निघाले की द्राक्षबागा आणि टोमॅटोची शेती लागते. इथे पेठ, हरसूल, त्र्यंबकेश्वर भागातून अनेक महिला मजुरीला येतात. घर एका गावात, काम दुसऱ्या गावात. अशा धावपळीत गोळी किंवा इंजेक्शन चुकले, की नको असताना दिवस राहतात.

ऑपरेशन सगळ्यांना माहीत, बाकीचे?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या विवाहित महिलांपैकी सुमारे ४९ टक्के महिलांचे नसबंदीचे ऑपरेशन झालेले होते. पुरुष नसबंदी अर्धा टक्काही नव्हती. पण ऑपरेशन हे पुन्हा मूल नकोच असेल तेव्हाचे. पहिले मूल उशिरा हवे असेल किंवा दोन मुलांत तीन वर्षांचे अंतर ठेवायचे असेल, तर खालील साधने कामाची आहेत. ती सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

• तांबी (कॉपर-टी) : एक प्रकार ५ वर्षे, दुसरा १० वर्षे चालतो. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत किंवा सहा आठवड्यांनी बसवता येते. मूल हवे झाले की काढून घेता येते. सुरुवातीला पाळीत रक्तस्राव थोडा जास्त होऊ शकतो.

• अंतरा इंजेक्शन : दर तीन महिन्यांनी एक. अंगावर पाजणाऱ्या आईला बाळ सहा आठवड्यांचे झाल्यावर घेता येते. पाळी अनियमित होते, काहींची थांबतेही. त्याने अंगात रक्त साठत नाही. बंद केल्यावर दिवस राहायला काही महिने लागू शकतात.

• छाया गोळी : यात हार्मोन नसतात. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर आठवड्यातून एकदा. वार ठरवून घ्यावेत. पाजणाऱ्या आईलाही चालते.

• माला-एन : रोज एक गोळी. बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत पाजणाऱ्या आईने घेऊ नये. बीपी जास्त असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे.

• निरोध : गुप्तरोग आणि एचआयव्हीपासूनही वाचवणारे साधन हेच.

७२ तासांची गोळी रोजची नाही

संबंधानंतर ७२ तासांत घ्यायची गोळी अडचणीपुरतीच आहे. जितकी लवकर घ्याल तितका उपयोग. ती गर्भपाताची गोळी नव्हे. दिवस राहिले असतील तर मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून खाऊ नयेत, डॉक्टरांकडेच जावे.

‘पाजतेय म्हणजे दिवस राहत नाहीत’ हेही अर्धेच खरे. बाळ सहा महिन्यांच्या आतले, पाळी परत आलेली नाही आणि बाळाला रात्रंदिवस फक्त अंगावरचेच दूध, या तिन्ही गोष्टी असतील तरच हा भरवसा धरता येतो.

नवऱ्याची सही लागते का?

नाही. सरकारी नियमानुसार नसबंदीसाठी ज्याचे ऑपरेशन त्याचीच संमती पुरते. पुरुषांची बिनटाक्याची नसबंदी बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपी असते, पोट उघडावे लागत नाही, माणूस त्याच दिवशी घरी जातो. ताकद कमी होते हा गैरसमज आहे. मात्र त्यानंतर तीन महिने निरोध वापरून वीर्य तपासून घ्यावे लागते.

कामासाठी गाव सोडताना

अंतराचे कार्ड सोबत ठेवावे. पुढच्या तारखेला जिथे असाल तिथल्या सरकारी दवाखान्यात ते दाखवून इंजेक्शनबद्दल विचारावे. तारीख हुकली तरी चार आठवड्यांच्या आत घेता येते. गोळ्या आणि निरोध निघण्याआधीच आशाताईंकडून घ्यावेत. कोणते साधन आपल्याला चालेल, हे उपकेंद्रातील सिस्टर किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर तपासून सांगतात. फोनवर सल्ल्यासाठी १०४ हा आरोग्य विभागाचा क्रमांक आहे.