सर, मिस्टर आणि खानबहादूर

साताऱ्याचे उद्योगपती धनजीशा कूपर यांना इंग्रज सरकारने 'सर' केले. इंग्रजी रीतीने त्यांना 'सर धनजीशा' म्हणायचे. 'सर कूपर' ही चूक. 'सर' माणसाच्या नावाला लागतो, 'मिस्टर' आडनावाला. आपण तो 'सर' उचलला आणि आडनावाच्या मागे बांधला : पाटीलसर, मुल्लासर. इंग्रजाला हे खपणार नाही. मराठीत मात्र तेच बरोबर, कारण राव, पंत, साहेब आपण मागेच लावत आलो.

हे कूपर १९३७ साली, एप्रिल ते जुलै, मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान होते. 'सर' होण्याआधी ते खानबहादूर. ही पदवी मुसलमानांना आणि पारशांना, हिंदूंना रावबहादूर. साताऱ्याचेच इतिहास-संशोधक द. ब. पारसनीस रावबहादूर होते. म्हणजे मान देतानाही सरकार आधी धर्म पाहणार! त्यापेक्षा मला रुक्ष 'मिस्टर' बरा वाटतो. आमच्याकडे लग्नपत्रिकेवर 'श्री' लिहावे की 'जनाब', इथे अजून लेखणी अडते.

येडेमच्छिंद्रच्या नाना पाटलांना 'क्रांतिसिंह' लोकांनी केले, सरकारने नव्हे. १९५० साली राज्यघटनेच्या कलम १८ने खानबहादूर, रावबहादूर असे किताब देणे बंद झाले. कूपरांच्या कारखान्याच्या उभारणीत ज्यांचा हात होता, त्या भाऊराव पाटलांना लोक कर्मवीर म्हणत. त्यांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. तिथली मुले त्यांना नुसते 'अण्णा' म्हणत.