खंदझोरेस्क (जुने)

खंदझोरेस्क (जुने) : दक्षिण आर्मेनियाच्या स्यूनिक प्रांतातील ओसाड गुहागाव. राजधानी येरेव्हानच्या आग्नेयेस सुमारे २५० किमी.वर गोरिस हे शहर आहे. तेथून पूर्वेकडे दहाएक किमी. गेल्यावर पठाराला एकाएकी चीर पडते. त्या खोल घळीच्या दोन्ही उतारांवर हे गाव वसले होते. याच नावाचे आजचे गाव वर पठारावर आहे. ‘खंदझोर’ म्हणजे आर्मेनियन भाषेत सफरचंद. त्यावरून गावाचे नाव पडले असे काही सांगतात, तर ‘खोर दझोर’ म्हणजे ‘खोल दरी’ यावरून ते आले असे इतरांचे म्हणणे. घळीच्या काठाशी उभे राहिल्यावर दुसरी व्युत्पत्ती अधिक पटते.

येथील खडक ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेला आहे. पावसापाण्याने झिजून त्याचे शंकूसारखे सुळके झाले आहेत. तो इतका मऊ की साध्या हत्याराने कोरता येतो, तरी कोरलेली पोकळी टिकून राहते. मात्र हे गाव गुहांपुरतेच होते असे समजू नये. छायाचित्रांमुळे तो गैरसमज पसरला आहे. बहुतेक घरांची मागची खोली खडकात कोरलेली असे आणि पुढे दगडी भिंतीचे बांधकाम. गोठा, दाण्याची कोठी आणि चाऱ्याची जागाही खडकातच. उन्हाळ्यात आत गारवा, थंडीत ऊब. उतार इतका तीव्र की खालच्या घराचे माळवद हेच वरच्या घराचे अंगण होई. उंचावरच्या गुहांत शिडी किंवा दोर लावून चढावे लागे. शत्रू आला की शिडी वर ओढून घेतली, एवढाच काय तो दरवाजा.

घराचा मध्य म्हणजे ‘तोनिर’, जमिनीत पुरलेली मातीची भट्टी. आपला तंदूर तिचा भाऊबंदच. लवाश ही पातळ भाकरी तिच्यात भाजतात. एक बाई पीठ लाटते, दुसरी ते हातांवर झुलवत पातळ करते, लांबट उशीवर ताणते आणि वाकून तोनिरच्या तापल्या भिंतीवर थापते. मिनिटभरात फोड येतात, आणि भाकरी आकड्याने बाहेर निघते. एका घरचे हे काम नव्हे, त्यासाठी शेजारणी एकमेकींकडे जात. वाळवलेल्या लवाशची चळत महिनोन्‌महिने टिके. जेवणाआधी तिच्यावर पाणी शिंपडून फडक्यात गुंडाळले की ती पुन्हा मऊ होते. थंडीत विझत आलेल्या तोनिरवर बुटके लाकडी मेज ठेवून त्यावर गोधडी पसरत आणि सारे घर तिच्याखाली पाय घालून बसे. धान्य, मेंढ्या आणि फळझाडे यांवर गुजराण चाले. या भागात तुतीच्या फळांपासून दारू काढतात, तसेच काकवीसारखा ‘दोशाब’ही आटवतात. गावाचे नाव सर्वाधिक दूर गेले ते मात्र गालिच्यांमुळे. मोठ्या पदकांत वळणदार ढगांची नक्षी असलेल्या काराबाखी गालिच्यांना जगभरचे व्यापारी ‘चोंदझोरेस्क’ म्हणतात, ते याच नावाचे बिघडलेले रूप. त्यांतले बरेच गालिचे इतर गावांत विणलेले असतात, ही गोष्ट वेगळी.

१७२० च्या दशकात आर्मेनियन सेनानी दावित बेगने स्यूनिकमध्ये उठाव उभारला. १७२८ मध्ये तो वारल्यावर सूत्रे म्खितार स्पारापेतकडे आली (‘स्पारापेत’ म्हणजे सरसेनापती). ऑटोमन सैन्याशी झुंजणारा हा सेनानी १७३० मध्ये खंदझोरेस्कमध्येच मारला गेला, आणि मारणारे परके नव्हते, आर्मेनियनच होते. त्याला आसरा दिला तर तुर्क गाव बेचिराख करतील, या धास्तीने हे घडले असे सांगतात. मारेकऱ्यांनी बक्षिसाच्या आशेने त्याचे मुंडके ऑटोमन पाशापुढे नेले आणि पाशाने त्यांचीच डोकी उडवली, अशीही परंपरा आहे. घळीच्या तळाशी असलेल्या ‘अनापात’ या मठात त्याची समाधी आहे. सेरो खानझाद्यान यांची ‘म्खितार स्पारापेत’ ही कादंबरी त्याच्यावरच आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी गावाची वस्ती आठ हजारांच्या घरात होती. पूर्व आर्मेनियातले ते सर्वांत मोठे खेडे असल्याचे सांगितले जाते. दुकाने होती, शाळा होत्या. सतराव्या शतकातले संत ह्रिप्सिमेचे चर्च आजही उभे आहे. गाव उठले ते भूकंपाने नव्हे, युद्धानेही नव्हे. गुहेत राहणे हे मागासलेपणाचे लक्षण, असे सोव्हिएत सरकारचे मत होते. १९५० च्या दशकात कुटुंबे टप्प्याटप्प्याने पठारावरच्या नव्या घरांत गेली. वर रस्ता आणि वीज मिळणार होती, तेव्हा सगळेच नाखुशीने गेले असे मानण्याचे कारण नाही. माळवदे कोसळली, दर्शनी भिंतींचे दगड निखळले आणि मागच्या कोरीव खोल्या तेवढ्या उघड्या पडल्या. आज ज्या ‘गुहा’ दिसतात त्या बऱ्याचशा अशा, पुढचा भाग गमावलेली घरे आहेत.

२०१२ मध्ये घळीवर सुमारे १६० मी. लांबीचा झुलता पूल बांधला गेला. तळापासून तो साठेक मीटर उंच आहे. पायऱ्या उतरून पर्यटक पुलावर येतात, पलीकडच्या गुहांत डोकावतात. काळवंडलेल्या छताखाली जमिनीत गोल खड्डा दिसला, तर तेथे तोनिर होता असे समजावे.