नवोदितांसाठी सम्राट विंचू

युरोप व अमेरिकेत विंचू पाळण्याचा छंद नव्याने जोपासणाऱ्यांना बहुधा पश्चिम आफ्रिकेतील सम्राट विंचवाची शिफारस केली जाते. घाना, टोगो, बेनिन आदी देशांच्या दमट प्रदेशांत आढळणारा हा काळाभोर विंचू सुमारे २० सेंटिमीटर लांब वाढतो. त्याचे विष मात्र सौम्य असते. भक्ष्य तो मुख्यतः चिमट्यांनीच चिरडतो. तरीही ॲलर्जी असलेल्यास दंश धोकादायक ठरू शकत असल्याने त्याला हातात घेणे टाळावे.

विंचवाच्या आकारावरून विषाचा अंदाज बांधणे चुकीचे ठरते. जाड चिमटे व बारीक शेपटी असलेल्या जाती सहसा कमी विषारी, तर बारीक चिमटे व जाड शेपटीच्या जाती घातक असतात. अर्थात या नियमास अपवाद आहेत. कोकणात भीती वाटते ती काळ्या इंगळीची, परंतु प्राण घेतो तो लहानसा लाल विंचू. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाने त्याच्या दंशावर प्रभावी उपचार रूढ केले. पिवळ्या ‘डेथस्टॉकर’सह अशा जाती नवोदितांनी पाळू नयेत.

सम्राट विंचवास ओलसर मातीचा जाड थर, लपण्यास झाडाची साल, उथळ पाणी आणि २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान पुरते. वन्य विंचवांच्या वाढत्या निर्यातीमुळे १९९५ पासून ही जात ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. त्यामुळे बंदिवासात जन्मलेला, कागदपत्रे असलेला विंचूच घ्यावा. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीनुसार अशा विदेशी प्राण्यांची नोंदणी बंधनकारक आहे.