मुक्त ज्यू अध्ययनगृह, फ्रांकफुर्ट

मुक्त ज्यू अध्ययनगृह (जर्मन: फ्रायेस युडिशेस लेअरहाउस) ही जर्मनीतील फ्रांकफुर्ट येथे तत्त्वज्ञ फ्रान्झ रोझेनझ्वाइग यांनी इ.स. १९२० मध्ये आकारास आणलेली प्रौढशिक्षण संस्था होय. 'लेअरहाउस' हा 'बेत मिद्राश' या प्राचीन हिब्रू संज्ञेचा जर्मन प्रतिशब्द आहे. 'मुक्त' याचा अर्थ विनाशुल्क असा नव्हे. शुल्क आकारले जाई आणि ते नाममात्र नसे. प्रवेशासाठी पूर्वज्ञानाची वा श्रद्धेची अट नव्हती, एवढाच त्याचा आशय.

'''पार्श्वभूमी'''

एकोणिसाव्या शतकात जर्मन ज्यूंना टप्प्याटप्प्याने नागरी हक्क मिळाले. त्यासोबत सुशिक्षित घरांतून हिब्रू भाषा व तालमूदचे पठण मागे पडत गेले. कासेल येथे १८८६ साली जन्मलेले रोझेनझ्वाइग अशाच घरातले. १९१३ मध्ये त्यांनी ख्रिस्ती होण्याचे ठरविले होते. त्याच वर्षीच्या शरदऋतूत तो विचार त्यांनी सोडला. पहिल्या महायुद्धात बाल्कन आघाडीवरून घरी धाडलेल्या पोस्टकार्डांवर त्यांनी 'मुक्तीचा तारा' या ग्रंथाचे लेखन आरंभिले. तो १९२१ मध्ये प्रकाशित झाला. इतिहासकार फ्रीडरिश माइनेके यांनी देऊ केलेली विद्यापीठातील अध्यापकी नाकारून ते या संस्थेकडे वळले.

'''अध्ययनाची दिशा'''

रोझेनझ्वाइग यांच्या धर्मचिंतनाचा गाभा येथे प्रत्यक्ष उतरलेला दिसतो. परंपरागत अध्ययन तोराकडून जीवनाकडे जाई. नव्या अध्ययनाने जीवनाकडून तोराकडे परतावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. परंपरेपासून दुरावलेला वकील, वैद्य वा व्यापारी आपला व्यवसाय आणि आपल्या शंका दाराबाहेर ठेवून येत नाही. त्या घेऊनच त्याने ग्रंथापाशी बसावे. म्हणूनच शिकविणारेही सर्व रब्बी नव्हते. रसायनशास्त्रज्ञ एदुआर्ड श्ट्राउस बायबलचे वर्ग घेत. रिखार्ड कोख हे वैद्य होते. जो स्वतः नुकताच परतीच्या वाटेला लागला आहे, तोच अशा विद्यार्थ्याचा योग्य शिक्षक, ही त्यामागील धारणा. अध्यापनाचा व्यवसाय केलेल्यास ती धाडसाची वाटेल.

मार्टिन बूबर यांनी १९२२ च्या आरंभी येथे 'धर्म : एक उपस्थिती' या विषयावर व्याख्याने दिली. त्यांतील विचार १९२३ च्या 'मी आणि तू' या ग्रंथात विकसित झाले. गेर्शोम शोलेम, एरिक फ्रॉम व एर्न्स्ट सिमॉन हेही येथे शिकवीत. १९२२-२३ मध्ये विद्यार्थिसंख्या सुमारे ११०० पर्यंत गेली. ही गर्दी मुख्यतः जाहीर व्याख्यानांना असे. मूळ हिब्रू ग्रंथ वाचणारे छोटे गट मात्र रोझेनझ्वाइग यांना अधिक मोलाचे वाटत.

'''उत्तरकाळ'''

१९२२ पासून चेतासंस्थेच्या असाध्य विकाराने रोझेनझ्वाइग यांची वाचा व हालचाल क्रमशः लोपली. तरीही पत्नी एडिथ यांच्या साहाय्याने त्यांचे लेखन चालू राहिले आणि १९२५ पासून बूबर यांच्यासह हिब्रू बायबलचा जर्मन अनुवादही त्यांनी हाती घेतला. १९२९ मध्ये त्यांचे निधन झाले. तत्पूर्वीच संस्थेचे कार्य मंदावले होते.

नाझी राजवटीने ज्यूंना सार्वजनिक जीवनातून व शिक्षणातून हटविण्यास आरंभ केल्यावर बूबर यांनी नोव्हेंबर १९३३ मध्ये संस्था पुन्हा उघडली. आता प्रश्न केवळ विस्मृत परंपरेचा नव्हता. अपमानित समाजाला आपण कोण आहोत हे सांगता येण्याचा होता. १९३८ मध्ये बूबर पॅलेस्टाइनला गेले आणि त्याच वर्षी संस्था बंद पडली. पुढे १९४९ मध्ये त्यांनी जेरुसलेम येथे नवागत स्थलांतरितांना शिकविणाऱ्या प्रौढशिक्षकांसाठी विद्यालय स्थापन केले.